चुकीचं आठवणारे आबा

आचऱ्याच्या शाळेत रुजू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीतून बाहेर आले, तेव्हा माझे घरमालक आबा ओटीवर सुपारी कातरत बसले होते. मला बघून म्हणाले, "काल तुम्ही बोटीतून उतरलात तेव्हा हातात तांबडी पेटी होती. जड होती हां. मीच उचलली."

मी सांगलीकडची. फोंडा घाट उतरून, कणकवलीला गाडी बदलून, धुळीनं माखून आले होते. बोट तोवर डोळ्यांनीही पाहिली नव्हती. पेटी माझ्याकडे नव्हतीच, एक वळकटी होती आणि ती मीच काखोटीला मारून आणली होती. पहिल्याच दिवशी घरमालकांना खोटं कसं पाडायचं, म्हणून मी नुसती मान हलवली.

तेवढ्यात दाराआडून एक सहा-सात वर्षांची मुलगी पुढे आली. परकर, पोलकं, कपाळावर आलेले केस. ती म्हणाली, "नाय."

मग बराच वेळ काहीच नाही. आबांचा हात थांबला. अडकित्त्यात सुपारी तशीच राहिली. मुलीकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही, समोरच्या माडांकडे बघत राहिले. ती ओठ हलवत होती, मानेच्या शिरा ताणत होती. शेवटी म्हणाली, "वळ... वळकटी."

"अरे हां, वळकटी," आबा म्हणाले. "बाईंची वळकटी. बोटीतून आणलेली."

"नाय. यष्टी."

"यष्टीतून आणलेली वळकटी. बरोबर. माझा चुकला." आणि त्यांनी सुपारी कातरली.

त्या घरात मी पाच वर्षं राहिले. गोव्यात अजून पोर्तुगीज होते, तेव्हाची गोष्ट. आबांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. दुकान तिठ्यावर, घर खाडीकडच्या वाडीत. उंच, थोडे पोक आलेले, कानावर केस, आणि बंडीच्या खिशात कायम एखादा खडीसाखरेचा खडा. साधा व्यापारी माणूस. पण गावात त्यांची ख्याती वेगळीच होती. आबांना काही म्हणजे काही धड आठवत नाही, असं सगळे म्हणत. कुणाच्या लग्नात जेवायला काय होतं, कुणाच्या म्हशीला कधी रेडकू झालं, गेल्या जत्रेत कुणाचा पाय मुरगळला, आबा सगळं चुकीचं सांगायचे. गिऱ्हाईक गूळ घ्यायला येई आणि आबांना दुरुस्त करून जाई. देवळातले एक मानकरी त्यांना तोंडावर म्हणाले होते, "आबा, तुमची आठवण म्हणजे पिठाची चाळण." आबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "होय तर. तुमच्या घरातली. गेल्या वर्षी माझ्याकडसूनच नेलात."

"मी खंय नेलंय? माझ्या भावान नेल्यान."

"भावान, भावान," आबा समाधानानं म्हणाले.

पण उधारीत त्यांची चूक कधी झाली नाही, हे गावानं कसं लक्षात घेतलं नाही, याचं मला नवल वाटतं.

आबांच्या त्या मुलीचं नाव शालू. गावात तिला मुकी म्हणत, पण ती मुकी नव्हती. कान चांगले होते. पानांत खार सळसळली तरी ती मान वळवायची. तिला शब्द सापडत नसत. सापडला तर एकच सापडे, त्याच्यामागे दुसरा येत नसे. कावळा, बगळा, कोंबडी सगळ्यांना ती कावळोच म्हणे. चार माणसांनी भराभर बोललेलं तिला उमजत नसे, पण एकानं सावकाश बोललं तर सगळं समजे. आज अशा मुलांसाठी शिकलेली माणसं आहेत म्हणतात. तेव्हा मालवणच्या डॉक्टरांनी घसा बघितला, कान बघितले आणि म्हणाले, बोलेल. एका वैद्यानं जिभेला वेखंड लावायला दिलं. नवस झाले.

तिच्या आईला मी काकी म्हणायचे. काकी फार हुशार बाई, आणि फार घाबरलेली. मुलीच्या जन्माचं कसं होणार, ही एकच चिंता. भाकरी थापता थापता त्या शालूला पुढ्यात बसवायच्या आणि तांब्या दाखवायच्या. "ह्या काय? म्हण. तांब्यो. म्हण गो. तां..." शालू तांब्याकडे बघायची, आईकडे बघायची, आणि तोंड मिटून घ्यायची. काकी पुन्हा म्हणायच्या. पाचव्यांदा त्यांचा आवाज चढायचा आणि सहाव्यांदा त्यांच्याच डोळ्यांत पाणी यायचं. मग त्या शालूला जवळ घेऊन तव्यावरची भाकरी करपू द्यायच्या.

आबांची रीत उलटी. त्यांनी मुलीला कधी काही विचारलं नाही. दिवेलागणीला दुकान बंद करून आले की पाय धुऊन खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसायचे, शालू शेजारी यायची, आणि ते झालेल्या गोष्टी सांगायला लागायचे. नवीन गोष्ट नाही, राजाराणी नाही. दोघांनी मिळून पाहिलेलंच. आणि त्यात कुठेतरी एक चूक.

"विचारूचा नाय, चुकायचा," ते मला एकदा म्हणाले. "प्रश्न इचारलो काय माणूस भियता. चूक केली काय तोच माणूस धावान येता. तुमच्या शाळेतसुद्धा बघा."

मी बघितलं. खरं होतं. फळ्यावर मी मुद्दाम बेरीज चुकवली तर शेवटच्या रांगेतलाही हात वर येई.

ही युक्ती त्यांना कशी सुचली, तेही त्यांनीच सांगितलं. आमच्या गावात काही वर्षांनी एकदा गावपळण होते. देवाचा कौल झाला की सगळं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जातं, तीन दिवस झाडाखाली झोपड्या घालून राहतं, आणि गावात चिटपाखरू राहत नाही. शालू पाचेक वर्षांची असताना अशी गावपळण झाली होती. तोवर तिच्या तोंडून एक शब्द आला नव्हता. परत आल्यावर काही दिवसांनी आबा सहज कुणाला तरी सांगत होते की पहिल्या रात्री आम्ही बांगड्याची कढी खाल्ली. शालू मांडीवर होती. तिनं आबांच्या गुडघ्यावर चापट मारली आणि म्हणाली, "नाय. पेज."

"आणि खरोखर पेजच खाल्लेली," आबा म्हणाले. "बाजार बंद, बांगडे खंयचे? माझाच चुकला होता. त्या दिवशी माका कळला, हिच्या आत सगळा आसा. जसाच्या तसा. माझ्यापेक्षा बरा."

तेव्हापासून ते चुकू लागले. आधी घरात, मग शालू दुकानात बसायची म्हणून दुकानात, आणि पुढे सवयच लागून कुठेही. चुकीलाही त्यांचे नियम होते. चूक लहान हवी आणि खरी वाटेल अशी हवी. एकदा काकींनी नवऱ्याचं बघून प्रयत्न केला. शालूला म्हणाल्या, "काल आपल्या परड्यात हत्ती इल्लो." शालू घरामागच्या परड्यात जाऊन बघून आली आणि आईजवळ घाबरून बसली. आबा हसले नाहीत. म्हणाले, "तसा नको गो. जा काय तिणा बघितलाच नाय, ता ती सुधारतली कशी?"

काकी म्हणाल्या, "माका खोटा बोलाक जमणा नाय. आणि सगळो गाव तुमका वेडो म्हणता, ता तरी मुद्दाम कित्याक?"

"म्हणूं दे. गाव माका सुधारता. गावाक बरा वाटता."

दुसरा नियम थांबण्याचा. शालूनं "नाय" म्हटलं की ते थांबत. किती वेळ, याला हिशेब नव्हता. दारात गिऱ्हाईक तिष्ठत असे, चहा निवून साय धरे, कुणी मध्येच शब्द सुचवायला लागलं तर ते हात वर करत. आणि तिनं एक शब्द दिला की तो गुंफून सगळं वाक्य ते पुन्हा नीट म्हणत, जणू ते तिनंच म्हटलं होतं. मी आले तेव्हा तिला एक शब्द सापडत होता. दोन वर्षांनी ती दोन-तीन शब्द एकापुढे एक ठेवू लागली. "आबा पडलो. चिखल. छत्री मोडली." असं काही ती म्हणाली की आबांचा चेहरा बघण्यासारखा होई.

काकी कार्तिकात आजारी पडल्या. ताप उतरेना. आठवड्यानंतर मालवणला न्यायचं ठरलं. बैलगाडीनं खाडीच्या तरीपर्यंत, म्हणजे होडी लागते त्या धक्क्यापर्यंत, होडीनं पलीकडे, मग पुढे. आबा आणि काकींचा भाऊ बरोबर गेले. शालूला घरी आबांच्या बहिणीजवळ ठेवलं. चौथ्या दिवशी आबा परत आले ते एकटेच.

बातमी आली तशी शालूला पिंगुळीला मावशीकडे पाठवलं होतं. तेरावं झाल्यावर तिला आणली तेव्हा आबांच्या डोक्यावर केसांचे खुंट उगवले होते. तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं. आत्या पटकन म्हणाली, "उवा झालेल्या गो त्यांका, म्हणान काढले केस. आणि आवस मुंबैक गेली हां. येताना तुका खाऊ आणतली."

"नाय," शालू म्हणाली.

"नाय काय नाय. येतली."

आबा तिथंच होते. ते थांबले नाहीत, आत निघून गेले. तिला काय कळतंय, चार दिवसांनी विसरेल, असं सगळ्या जाणत्या माणसांचं मत पडलं होतं आणि आबांमध्ये तेव्हा कुणाशी वाद घालायचं बळ नव्हतं.

संध्याकाळचं खळ्यातलं बसणं बंद झालं. दुकानात आबा नीट बोलू लागले. कुणाचं लग्न कुठे झालं, कुणाच्या घरी कोण आजारी, सगळं अचूक. लोक सुरुवातीला म्हणाले, आबा सुधारले. पण मग त्यांना चुकल्यासारखं वाटायला लागलं. गूळ बांधून घेतला की दुकानात थांबण्याचं काही कारण उरत नसे.

शालूचं बोलणं पुन्हा आटलं. आत्या "मुंबैसून आवस येतली" म्हणाली की ती "नाय" म्हणे आणि आत्या तिला हट्टी म्हणे. रोज शाळा सुटली की ती घरी न येता खाडीवर जायची. तरीच्या धक्क्याजवळ उंडीच्या झाडाखाली बसायची. होडी पलीकडून येई, माणसं उतरत, ती एकेकाकडे बघे. मग आत्या जाऊन तिला ओढून आणी.

मला ते हळूहळू लक्षात आलं. मुंबईला जाणारं माणूस आमच्या गावातून तिठ्यावरच्या गाडीनं जाई आणि गाडीनंच परत येई. ज्या मुलीला आई मुंबईहून यायची आहे, ती तिठ्यावर बसेल. ही खाडीवर बसत होती. आई कुठल्या वाटेनं गेली हे तिनं पाहिलं होतं.

एका संध्याकाळी मी आबांना ते सांगितलं. ते दुकानाच्या फळ्या लावत होते.

"माका ठाव आसा," ते म्हणाले.

"मग तिला खरं सांगा ना."

त्यांनी फळी खाली ठेवली. बराच वेळ तिच्या कडेवरून बोटं फिरवत राहिले. मग माझ्याशी बोलताना क्वचितच बोलत तसं, अगदी हळू म्हणाले, "बाई, मी आजपर्यंत तिका चुकीचा सांगलंय आणि तिणा 'नाय' म्हटल्यान. तेची तिका सवय. आता ह्या खरा सांगलंय, आणि ती 'नाय' म्हणाली, तर मी काय करू? कसा सुधारू?"

मी खाली ठेवलेली फळी उचलून त्यांच्या हातात दिली.

तरी त्यांनी सांगितलं. पौषातली संध्याकाळ होती, आत्या शेजारी हळदीकुंकवाला गेलेली. मी ओटीवर वह्या तपासत होते. आबा पाय धुऊन आले आणि किती तरी दिवसांनी खळ्यात बसले. शालू खाडीवरून आली होती. ती दोन हात लांब उभी राहिली. त्यांनी बोलावलं नाही, नुसतं सांगायला लागले.

"आवशीक ताप इल्लो. मोठो ताप. मगे सकाळी गाडी इली. गाडीत आपण गोधडी घातली. आवशीक निजवली. मामा पुढे बसलो. तू हयसर, ह्या पायरीर होतंस."

शालू पुढे सरकली. जवळ येऊन बसली. ते सगळं बरोबर सांगत होते, आणि तिला ते कळत होतं.

"मगे होडी. मगे मालवण. डॉक्टरान सुई दिल्यान. पण ताप उतरलो नाय. तिसऱ्या दिवशी आवस मेली गो शालू. मालवणातच. ती मुंबैक जावक नाय. आता ती येवची नाय."

"नाय," शालू म्हणाली.

मी वहीवरून मान वर केली नाही. आबा थांबले. सवयीनंच थांबले असतील, दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. माडांच्या झावळ्या हलत होत्या, कुणाच्या तरी गोठ्यात गाय हंबरत होती. ते तसेच बसून राहिले.

"मुंबै नाय," शालू म्हणाली.

"मुंबै नाय," आबा म्हणाले. मग त्यांनी वाक्य पुरं केलं. "आवस मुंबैक गेली नाय. मालवणात मेली."

"मेली," शालू म्हणाली. आणि मग ती रडली. आवाज न करता, बापाच्या बंडीत तोंड खुपसून.

थोड्या वेळानं आबा पुन्हा बोलू लागले. आता त्यांनाच बोलायला हवं होतं. "हयसून जाताना ती काय्येक बोलूक नाय. डोळे मिटून होती. तुकाही काय सांगूक नाय, माकाही नाय."

"नाय," शालूनं तोंड वर केलं. "बोलली."

आबांनी तिच्याकडे बघितलं. नेहमी समोर बघायचे, या वेळी तिच्याकडे वळले.

"आवस बोलली. माका." ती अडली. हातानं चुलीकडे दाखवू लागली, मग हात खाली घेऊन पुन्हा शब्दाच्या मागे लागली. आबांनी शब्द सुचवला नाही. "दूध. चुलीर दूध. आबांक सांग."

तेव्हा आबांना आठवलं, आणि त्यांनी मला तसंच, बसल्या जागी सांगितलं. त्या सकाळी गाडी दाराशी आली तेव्हा शालू त्यांचं धोतर ओढून "दूध, दूध" म्हणत होती. तिला भूक लागली असेल म्हणून त्यांनी बहिणीला सांगितलं, तिला दूध दे. बहिणीनं पेला भरून दिला तर तिनं तो ढकलून दिला. पिंगुळीहून आल्यावरही ती आबांसमोर येऊन "दूध" म्हणे, आणि दर वेळी तिला दूध मिळे, आणि ती ते पीत नसे.

काकी त्या दिवशी तापात उठल्या असणार आणि शालूसाठी चुलीवर दूध ठेवलं असणार. गाडीत निजल्यावर त्यांना आठवलं. नवरा पुढे बैलांपाशी होता, भाऊ सामान चढवत होता. जवळ होती ती शालू. जिला तांब्या म्हणता येत नाही म्हणून त्या रडायच्या, तिलाच त्यांनी निरोप सांगितला. आबांक सांग.

"सांगलंस हां तू," आबा म्हणाले. "त्याच दिवशी सांगलंस. आवशीन तुका सांगल्यान आणि तू माका सांगलंस. माका आयकाक येवक नाय."

पुढच्या रविवारी आबा म्हणाले, "बाई, मालवणात काम असलं तर चला, मी शालूला घेऊन जातोय." काम नव्हतं, पण मी गेले. काकींना जिथे अग्नी दिला होता ती जागा तिला दाखवायची होती. आबांनी दाढी केली होती. शालूनं धुतलेला परकर घातला होता आणि दोन्ही हातांनी अबोलीची वेणी धरली होती, तिला ती कुणी सोपवली होती की तिनंच घेतली, माहीत नाही.

पुढे शालूनं ते दुकान चालवलं. लग्न झालं नाही. मी बदली होऊन गेल्यावर खूप वर्षांनी एकदा तिठ्यावर उतरले, तेव्हा ती गल्ल्यावर होती. थोडं बोलायची, सावकाश बोलायची, आणि गिऱ्हाइकं थांबायची. त्या गावाला थांबायची सवय लागली होती. आबा तोवर नव्हते. पण त्यांची आठवण निघाली की मला दुकान आठवत नाही, तो रविवार आठवतो.

तरीवर होडी लागली होती. होडीवाला नवा होता, पलीकडच्या गावचा, त्याला आम्ही कुणी ओळखीचे नव्हतो. शालूला त्यानं बसलेली पाहिली असेल तेवढंच. तिला हात देऊन चढवताना तो सहज म्हणाला, "आज खंय गो चललंस?"

आबा होडीत बसले होते. त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. काही चुकीचं सांगितलं नाही, काही बरोबरही सांगितलं नाही. पाण्याकडे बघत राहिले.

होडीवाल्यानं बांबू टेकवला. होडी काठापासून सुटली. त्याला उत्तर नको होतं, तो विसरूनही गेला असेल. खाडीचं पाणी शांत होतं. आम्ही मधोमध आलो तेव्हा शालू त्याच्याकडे वळली.

"मालवण," ती म्हणाली. "माझी आवस. थंय मेली. फुला देतंय."

कुणी काही चुकलं नव्हतं. तिनं कुणालाही दुरुस्त केलं नव्हतं. एका अनोळखी माणसाला तिनं आपली गोष्ट सांगितली होती.

होडीवाल्यानं बांबू वर घेतला आणि तसाच धरून ठेवला. "बरा बाये," तो म्हणाला. "सावकाश नेतंय हां."

आबा तोंड फिरवून बसले होते. पैलतीर येईपर्यंत ते वळले नाहीत.